निम्मी घरपट्टी

नेव्हिल सग्डनचा हात आखडता आहे, हे ब्रॅकनशॉ गावात कुणाला नव्यानं सांगावं लागत नसे. बस डेपोत मेकॅनिक म्हणून त्याची हयात गेली, आणि तिथं जे जे फेकायला निघे ते ते त्याच्या मागच्या शेडमध्ये येऊन पडे. किटलीत पाणी घालायचं ते कप मोजून. टेकडीवरून गाडी उतरवायची ती इंजिन मोकळं सोडून. घर गरम ठेवायच्या बटणाला तर त्याच्याशिवाय कुणी हात लावायची सोय नव्हती. त्याची बायको हेझेल शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. घरात ती दोन स्वेटर घालून वावरे आणि शेजारणींना सांगे, "लोक बाहेर थंडी वाजली की घरात जातात. आम्ही घरात वाजली की बाहेर जातो."

पण माणूस खोटा नव्हता. दुकानदारानं चुकून जास्त मोड दिली, तर ती परत करायला तो भर वाऱ्यात चढ चढून जाई. स्वतःचं सोडायचं नाही आणि दुसऱ्याचं ठेवायचं नाही, एवढा त्याचा हिशेब सरळ होता.

त्यांचा मुलगा रॉस लग्न करून ऑस्ट्रेलियात गेला, तेव्हापासून मागची खोली रिकामी होती. हेझेलच्या डोक्यात तेव्हापासूनच एक विचार घोळत होता. शाळेत जेवण वाढताना तिला काही मुलं दिसत, शनिवार-रविवार उपाशी काढून सोमवारी दुप्पट जेवणारी. अशातल्या काहींना मग नगरपालिका आईबापांपासून काढून दुसऱ्या घरी ठेवी, कधी काही आठवडे, कधी कित्येक वर्षं. असं एखादं मूल आपण सांभाळायला आणावं, असं हेझेलला वाटे. विषय काढला की नेव्हिल नाही म्हणत नसे. "बघू की" म्हणे आणि शेडमध्ये जाई. अशी त्यानं बरीच वर्षं काढली.

मग एका सकाळी स्थानिक पेपरात आलं की, जे कुणी असं मूल घरी सांभाळतील त्यांना नगरपालिका घरपट्टीत निम्मी सूट देणार. नेव्हिलनं ते वाचलं, टोस्ट संपवला, परत वाचलं. मग पेपरवरची नजर न काढता म्हणाला, "चौकशी करायला काय हरकत आहे?"

पुढं हेझेलनं बहिणीला सांगितलं की या माणसाला काहीतरी आडोसा हवा होता. आपल्याला घरात पोर हवं आहे, असं हा जन्मात तोंडानं म्हणाला नसता. नेव्हिलला विचारलं असतं, तर त्यानं मात्र शपथेवर सांगितलं असतं की सूट आहे म्हणून आपण हे करतोय, आणि ते सांगताना त्याला ते खरंच वाटलं असतं.

चौकशा झाल्या, घर बघून झालं, असं मूल कसं सांभाळावं याचे संध्याकाळचे वर्ग झाले, आणि ऑक्टोबर अखेरीला लेसी आली. नऊ वर्षांची, बारीक चणीची, कपाळावर सरळ कापलेले केस. तिला घेऊन आलेली फरझाना ही नगरपालिकेची समाजसेविका. बोलायला मोकळी, कायम घाईत, पण मुलांशी बोलताना घाई विसरणारी. ती गेल्यावर लेसीनं बूट दाराशी नीट जोडून ठेवले आणि कुठं बसू, असं विचारलं.

विचारल्याशिवाय ती काही करतच नसे. पावाला हात लावायच्या आधी विचारी, टीव्हीसमोर बसायच्या आधी विचारी. आपला कप धुऊन, पुसून, फडताळात मागच्या बाजूला ठेवी. खोलीतून निघताना दिवा घालवी. शेजारीपाजारी म्हणत, काय गुणाची पोर आहे. हेझेल हसून मान डोलवी, पण तिला ते बरं वाटत नसे. नऊ वर्षांचं मूल इतकं गुणी असू नये, असं तिचं म्हणणं. नेव्हिलला काही खटकत नव्हतं. उलट त्याला वाटे, आयुष्यात पहिल्यांदा या घरात आपल्यासारखं वागणारं माणूस आलंय. शनिवारी तो तिला शेडमध्ये नेई. घर गरम ठेवणाऱ्या रेडिएटरमध्ये अडकलेली हवा किल्ली फिरवून कशी सोडायची, हे त्यानं तिला शिकवलं. ती एवढी पटकन शिकली की त्यानं तिला सगळ्या घराचे रेडिएटर नेमून दिले.

क्लबात मात्र तो वेगळंच बोले. शुक्रवारी डॉमिनोज खेळायला जमणाऱ्या म्हाताऱ्यांना, नेव्हिल सग्डननं दुसऱ्याचं पोर आणलं याचं नवल वाटत होतं. कुणी छेडलं की नेव्हिल म्हणे, "लोक छपरावर सोलर बसवतात. मी मागच्या खोलीत पोरगी बसवली. बिल निम्मं." सगळे हसत. हा विनोद इतका चालला की नेव्हिल नसतानाही तो सांगितला जाऊ लागला.

नाताळच्या आधीच्या रविवारी क्लबात घरच्यांसकट जेवण असे. हेझेलला सर्दी झाली होती, म्हणून नेव्हिल लेसीला घेऊन एकटाच गेला. भाजलेलं टर्की, बटाटे, दोन टोकं ओढली की फुटणाऱ्या कागदी नळीतून निघणाऱ्या टोप्या, सगळं नेहमीसारखं. लेसीनं पिवळी टोपी घातली आणि ताटातलं सगळं संपवलं. तेवढ्यात डग्लस पिकल्स, नेव्हिलचा डेपोतला जुना सोबती, हातात ग्लास घेऊन आला, लेसीकडं बघून हसला आणि म्हणाला, "हीच का रे तुझी निम्मी घरपट्टी? जेवते तर छान. सूट खाऊन टाकील लेका."

डग्लसच्या मनात वाईट नव्हतं. त्यानं तिला चॉकलेटही दिलं.

घरी परतताना कालव्याच्या काठानं चालत असताना लेसीनं विचारलं, सूट म्हणजे काय. नेव्हिलनं सांगितलं की सगळ्यांना जेवढं भरावं लागतं, त्यापेक्षा कमी भरावं लागणं.

"मी तुमच्याकडे राहते म्हणून तुम्हाला कमी भरावं लागतं?"

तो खोटं बोलू शकला असता. पण ती सवय नव्हती. "हो," तो म्हणाला.

"खूप कमी?"

"निम्मं."

आता ही रडणार, असं त्याला वाटलं आणि तो पाण्याकडं बघत राहिला. पण लेसी रडली नाही. त्यानं पाहिलं तेव्हा तिची मान ताठ झाली होती आणि चेहऱ्यावर एक वेगळीच टवटवी आली होती.

"मम्मी म्हणायची, मी नुसती खर्चाची आहे," ती म्हणाली. "तिला हे माहीत नसणार."

नेव्हिलच्या मनावरचं ओझं उतरलं. घरी येऊन त्यानं हे सगळं हेझेलला कौतुकानं सांगितलं, की पोरीनं कसं समजून घेतलं, वाईट वाटून घेतलं नाही. हेझेल पांघरुणात बसून ऐकत होती. तिनं नाक पुसलं आणि भिंतीकडं तोंड करून झोपली. नेव्हिलला वाटलं, सर्दीनं बेजार झालीय.

त्यानंतर लेसी बदलली, आणि आधी ते छानच वाटलं. ती गाणं गुणगुणू लागली. एकदा न विचारता बिस्किट घेतलं. पण एके दिवशी तिच्या हातून दुधाची बाटली सांडली, तेव्हा ती फडकं आणता आणता म्हणाली, "हे माझ्या सूटमधून कापून घ्या." नेव्हिल हसला. पुढच्या आठवड्यात मोजा फाटला, तेव्हाही ती तेच म्हणाली. तिसऱ्या वेळी त्याला हसू आलं नाही.

जानेवारीत शाळेच्या बाईंनी हेझेलला स्वयंपाकघरात येऊन विचारलं की लेसी समुद्रकाठच्या व्हिटबीच्या सहलीला का येत नाही. सहलीचं हेझेलला माहीतच नव्हतं. त्याच संध्याकाळी तिनं धुवायला काढलेले लेसीचे मोजे पाहिले, तर टाचेला वाळलेलं रक्त. शाळेचे बूट केव्हाचे घट्ट झाले होते. हेझेलनं तिला जवळ घेऊन विचारलं, राणी, सांगितलं का नाहीस. लेसी म्हणाली की बूट महाग असतात, आणि सहल पण, आणि सगळं तिच्यावरच गेलं तर सूट उरणार नाही.

तिच्या खाण्याकपड्यांसाठी पैसे वेगळे येतात, घरपट्टीचा त्याच्याशी काही संबंध नाही, हे हेझेलनं परोपरीनं समजावलं. लेसीनं ऐकून घेतलं. पटलं असं दिसलं नाही.

नेव्हिल दारात उभा होता. हेझेल टाचेला मलम लावत असताना त्यानं ती जखम पाहिली. तो शेडमध्ये गेला आणि दिवा न लावता तिथं बसून राहिला. आपणच बोललेला तो सोलरचा विनोद त्याला पुन्हा पुन्हा ऐकू येत होता, आणि दर वेळी सगळ्यात मोठ्यानं हसणारा आवाज त्याचाच होता.

दुसऱ्या दिवशी हेझेल कामावर गेल्यावर तो कोट चढवून नगरपालिकेत गेला. खिडकीवर एक तरुण मुलगा होता, दाढी नुकतीच राखायला लागलेला. नेव्हिलनं सांगितलं, मला सूट नको. मुलाला वाटलं, मूल परत गेलं. नेव्हिलनं सांगितलं, मूल आहे, सूट नको. मुलानं त्याला समजावलं की हा त्याचा हक्क आहे, यात उपकार कुणाचे नाहीत. नेव्हिल हटून बसला. शेवटी मुलगा म्हणाला, "काका, सूट मागायला इथं रांग असते. परत करायला तुम्ही पहिलेच." पण त्यानं करायचं ते करून दिलं.

घरी परतताना नेव्हिलला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं एवढं हलकं वाटत होतं. पैशाच्या बाबतीत त्यानं एवढं मोठं काही कधी केलं नव्हतं. संध्याकाळी जेवायला बसल्यावर त्यानं काटा खाली ठेवला आणि म्हणाला, "लेसी, मी आज जाऊन ती सूट बंद करून आलो. आता सगळ्यांसारखी पूर्ण घरपट्टी भरणार. म्हणजे तू इथं सूटसाठी नाहीस. कळलं?"

लेसीचा चेहरा उतरला. ती "बरं" म्हणाली. मग उठू का, असं विचारलं, बऱ्याच दिवसांनी विचारलं, आणि ताट तसंच ठेवून वर गेली.

हेझेल नवऱ्याकडं बघत राहिली.

"काय झालं?" नेव्हिल म्हणाला. "तिच्यासाठीच केलं ना मी?"

"तू तिची नोकरी घालवलीस," हेझेल म्हणाली. "त्या पोरीला वाटत होतं की आपण काहीतरी देतोय, म्हणून आपल्याला ठेवतात. तेवढं एकच होतं तिच्यापाशी. तेही तू काढून घेतलंस, आणि वर विचारतोस, कळलं का."

वरून कपाट उघडल्याचा आवाज आला. नेव्हिल जिना चढून गेला. लेसी पलंगाच्या कडेला बसली होती. अंगात कोट, पायात तेच घट्ट बूट, शेजारी भरलेली बॅग. पलंगावरची चादर घडी करून उशीवर ठेवलेली.

"फरझाना आज येईल की उद्या?" तिनं विचारलं. आवाजात रडू नव्हतं. बस कधी येणार, असं विचारावं तसं विचारलं.

नेव्हिलला गुडघ्यांमुळं खाली बसायला त्रास होई, पण तिथं खुर्ची नव्हती. तो भिंतीला टेकून हळूहळू जमिनीवर बसला. फरझाना येणार नाही, तिला कुणी बोलावलेलं नाही, एवढं त्यानं सांगितलं.

"मग मी इथं कशाला आहे?"

वर्गात शिकवलेली काही वाक्यं त्याला आठवली, पण ती त्याच्या तोंडी शोभली नसती.

"तुला इथं राहायला आवडतं का?" त्यानं विचारलं.

"आवडतं."

"मग झालं तर."

"हे काही कारण नाही," लेसी म्हणाली.

तेही खरंच होतं. नेव्हिलनं गुडघा चोळला. "हे बघ, ही खोली रॉसची होती. रॉस जन्मला तेव्हा आम्ही त्याला विचारलं नाही की बाबा, तू इथं कशाला. आणि त्याच्यासाठी आम्हाला कुणी छदामाची सूट दिली नाही."

"तो तुमच्या काही कामाला यायचा का?"

"रॉस? अजिबात नाही. शेडची काच फोडली, दोनदा. गाडी शिकताना माझी गाडी चर्चच्या भिंतीला घातली. कप तर आयुष्यात धुतला नाही."

"मग तुम्ही काय केलं?"

"ओरडलो. दुसरं काय करणार?"

"आणि मग?"

"आणि मग काही नाही. रात्री जेवायला होताच समोर."

लेसी हे मनात तोलत राहिली. खालून हेझेलनं हाक मारली की जेवण गार होतंय. थोड्या वेळानं लेसी उठली आणि खाली आली, पण कोट काढला नाही. ताटातलं गार झालेलं मटण तिनं कोट घालूनच खाल्लं. पुढचे दोनतीन दिवस ती घरात कोट घालूनच वावरत होती, आणि बॅग भरलेलीच होती.

हेझेलनं मात्र नेव्हिलला सोडलं नाही. तुझ्या पश्चात्तापाची किंमत आपण दोघांनी का भरायची, असं तिनं विचारलं, आणि त्याला परत नगरपालिकेत धाडलं. तोच दाढीवाला मुलगा खिडकीवर होता. नेव्हिलनं मान खाली घालून सांगितलं की सूट परत चालू कर. मुलगा हसला नाही, त्याबद्दल नेव्हिल त्याचा कायम ऋणी राहिला. त्याच दुपारी हेझेल लेसीला घेऊन बूट आणायला गेली आणि सहलीचे पैसेही भरून आली. घरपट्टीचा विषय त्यानंतर जेवणाच्या टेबलावर निघाला नाही.

क्लबात नेव्हिल डग्लसला बाजूला घेऊन म्हणाला की त्या पोरीसमोर पुन्हा असलं काही बोलू नकोस. डग्लस गोंधळला. "अरे, पण तो विनोद तुझाच आहे," तो म्हणाला. नेव्हिलनं दोघांसाठी बिअर घेतली, स्वतःच्या पैशानं, आणि डग्लसनं ती गोष्ट कितीतरी जणांना सांगितली.

फरझाना भेटीला आली तेव्हा नेव्हिलनं तिला सगळं जसं घडलं तसं सांगितलं. स्वतःची बाजू घेतली नाही. फरझाना म्हणाली की अशी मुलं तिनं पुष्कळ पाहिलीत. ती प्रत्येक घरात शिरल्या शिरल्या इथलं भाडं काय, ते शोधत असतात. कुणी काम करून भरतं, कुणी गोड वागून.

"मग मी काय करू?" नेव्हिलनं विचारलं.

"विशेष काही नको. तिला काहीतरी वाया घालवू द्या," फरझाना म्हणाली आणि त्याच्याकडं बघून हसली. "जमेल ना तुम्हाला?"

नेव्हिलला याहून अवघड काम कुणी सांगितलं नव्हतं. तो जिन्यावरचा दिवा मुद्दाम चालू ठेवून जाऊ लागला. लेसी मागून येऊन घालवी. त्यानं फेब्रुवारीत घर एवढं गरम केलं की हेझेलनं स्वेटर काढला आणि त्याची तब्येत बरी आहे ना, असं विचारलं. लेसीनं जाऊन रेडिएटर बंद केले. तिला ते त्यानंच शिकवलं होतं. चित्रं काढायला त्यानं कागदाचं जाडजूड बंडल आणलं. लेसी दोन्ही बाजूंनी चित्रं काढी, आणि कोपऱ्यात जागा उरली तर तिथंही एखादं घर बसवी. नेव्हिल ते बघे आणि त्याला कळत नसे की यात कौतुक करावं की काळजी.

पण हळूहळू काहीतरी सैल होत होतं. बॅग एका रविवारी पलंगाखाली गेली. एकदा तिनं ताटात अर्धी भाजी ठेवली आणि कुणी काही म्हणतंय का, ते बघत राहिली. नेव्हिलनं ताट उचललं, भाजी कचऱ्यात टाकली, आणि ते करताना त्याला काय वाटलं ते फक्त हेझेलला दिसलं. मार्चमध्ये न्यायालयानं ठरवलं की लेसीनं आईकडं परत जायचं नाही, आईला महिन्यातून एकदा भेटायचं. त्या दिवशी ती रडली, खूप वेळ, आणि हेझेलच्या मांडीवर झोपली.

एप्रिलच्या सुट्टीत एका दुपारी ती माळावर खेळायला निघाली. वारा बोचरा होता. नेव्हिलनं सांगितलं, जाकीट घाल. ती म्हणाली, नको. त्यानं परत सांगितलं. तिनं परत नाही म्हटलं. मग जाकीट घातल्याशिवाय कुणी कुठं जाणार नाही, असं तो जरा चढ्या आवाजात म्हणाला, आणि पुढच्या क्षणी लेसी पाय आपटत जिन्यावर होती.

"तू गप्प बस ना, नेव्हिल!" ती वरून ओरडली. "तुला काहीच कळत नाही! कधीच नाही!"

आणि तिनं दार असं आपटलं की जिन्यातल्या भिंतीचा गिलावा खाली आला.

नेव्हिल पहिल्या पायरीवर पाय ठेवणार तोच हेझेलनं त्याची बाही धरली. ती हसत होती की रडत होती, ते त्याला समजेना. ते दोघं तसेच स्वयंपाकघरात उभे राहिले. आता दार उघडेल, आता ती येऊन माफी मागेल, खाली पडलेला गिलावा झाडून काढील, अशी दोघांनाही धास्ती वाटत होती. दार उघडलं नाही. वरून फक्त उशी कुठंतरी आदळल्याचा आवाज आला.

बऱ्याच वेळानं, जेवायची वेळ झाली तेव्हा, लेसी खाली आली. केस विस्कटलेले, गालावर उशीचा वळ. माफीचं नाव नाही. खुर्ची ओढून बसली आणि आज काय आहे, असं विचारलं.

मासा आणि वाटाणे, हेझेल म्हणाली.

"शी," लेसी म्हणाली, आणि नेव्हिलनं हसू लपवायला मान खाली घालून तिच्या ताटात मासा वाढला.